चपलेचा अर्धा तास

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. शाळेतली नव्हे हं! तिला बिचारीला निदान मे महिन्याची सुट्टी तरी मिळते. मी समुद्राच्या दरवाज्यातली भरतीची पाटी. माझ्या अंगावर पांढऱ्या रंगात ठळक लिहिलेलं आहे, ‘या वेळेच्या आत परत यावे’, आणि त्याखाली रोज सकाळी खडूने एक वेळ लिहितात. मला वाचता येतं, ऐकू येतं, दिसतंही. बोलता मात्र येत नाही. अंगावर जे लिहितील तेच मी जगाला सांगते. मग ते मला पटो वा न पटो.

आमचं बंदर लहानसं आहे. चारी बाजूंनी तट, आत एक मोठा रस्ता आणि त्याला फुटलेल्या दहा-बारा गल्ल्या. तटाला दोन दरवाजे. एक धक्क्याकडचा. तिथे होड्या लागतात, मासळी उतरते आणि दिवसभर आरडाओरडा चालतो. दुसरा आमचा. आमच्या दरवाज्यातून एक दगडी वाट थेट समुद्रात जाते आणि तिच्या टोकाला एक बुरूज एकटाच उभा आहे. ओहोटीला वाट उघडी पडते, भरतीला पाण्याखाली जाते. बाहेरगावची माणसं येतात, तट बघतात, तोफेवर बसून फोटो काढतात, आणि मग सगळ्यांना जायचं असतं ते त्या बुरुजावरच. तिथून मागे वळून पाहिलं की सगळं गाव पाण्यावर अलगद ठेवल्यासारखं दिसतं म्हणे. मी काही गेले नाही. ऐकून माहीत.

त्या वाटेत एक खोडी आहे. बुरुजाकडे ती उंच आहे, आणि आमच्या बाजूला, दरवाज्यापासून शंभरेक पावलांवर, तिच्यात एक खळगा आहे. भरतीचं पाणी आधी त्या खळग्यात शिरतं. बुरुजावरच्या माणसाला आपल्या पायाखालचे दगड कोरडे ठणठणीत दिसतात, आणि इकडे परतीची वाट कधीच तुटलेली असते. म्हणून तर मला इथे टांगलं.

माझा जन्म होडीतला. एका जुन्या होडीच्या तळाची मी फळी. होडी मोडीत निघाली तेव्हा सुताराने मला वेगळी काढली, रंधा मारला, कडा गोल केल्या आणि वर दोन भोकं पाडून जाड दोर ओवला. "मुरलेलं लाकूड आहे. आपल्यामागेही राहील हे," असं म्हणून त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. मग कमानीतल्या भिंतीवर लोखंडी आकड्याला मला अडकवलं. डावीकडे मला गाव दिसतं, उजवीकडे समुद्र. होडीचं लाकूड असल्यामुळे पाणी कधी वळतं ते मला न बघताही कळतं. आतून अंग ओलावतं. पण कळून काय करता? सांगणार कुणाला?

माझा पहिला आणि खरा धनी म्हणजे दरवान. दरवाज्याच्या जाड भिंतीतच त्याची खोली होती. एक स्टूल, एक घड्याळ, किल्ल्यांचे आकडे, खडूचा पत्र्याचा डबा आणि दाराशी दोराचं वेटोळं. दरवर्षी बंदराच्या कचेरीतून भरतीची पुस्तिका यायची. दरवान सकाळी ती उघडायचा, बोट फिरवून आजचा दिवस काढायचा, मग उंबऱ्याशी येऊन समुद्राकडे बघत उगाच दोन मिनिटं उभा राहायचा. नंतर ओल्या फडक्याने मला पुसायचा आणि वेळ लिहायचा. पण पुस्तिकेप्रमाणे जी वेळ निघेल ती नाही. तिच्या अर्धा तास आधीची.

हे असं का, ते ऐका. दरवान नवा होता तेव्हाची गोष्ट. तेव्हा तो पुस्तिकेप्रमाणे अगदी काटेकोर वेळ लिहायचा. एक दिवस एक बाई वेळेवर परत निघाली. निम्म्या वाटेत तिची चप्पल दगडांत अडकली, बंद तुटला. ती खाली वाकली, पण चप्पल काही निघेना. पुढे गेली, पुन्हा मागे आली. तोवर खळग्यात मांडीइतकं पाणी! दरवानाने पाण्यात उतरून तिला ओढून काढलं. बाई वाचली, वर चप्पल गेली म्हणून रडली. पण दरवान संध्याकाळपर्यंत उंबऱ्याशी बसून त्या खळग्याकडे बघत राहिला.

"पाणी वेळेवर येतं," तो त्या दिवशी स्वतःशीच म्हणाला, "माणसं येत नाहीत. कुणाची चप्पल तुटते, कुणाचं पोर रुसतं, कुणाचा फोटो राहतो. अर्धा तास त्याचा."

तेव्हापासून त्याने चपलेचा अर्धा तास धरला. तीस वर्षं धरला. वेळ झाली की तो शिट्टी वाजवायचा, रेंगाळलेल्यांना हाका मारायचा, आणि तरी कुणी आलं नाही तर वाटेवर चालत जाऊन हाताला धरून आणायचा. तीस वर्षांत एकाही माणसाचा घोटा भिजला नाही. लोक माझ्याकडे बघून म्हणायचे, "वा, काय चोख काम आहे!" मी आपली फुगायचे. म्हणजे तशीही मी दमट हवेत फुगतेच, पण तुम्हाला कळलं मला काय म्हणायचंय ते.

आता हा अर्धा तास दरवानाने कुठेही लिहून ठेवला नव्हता. फक्त बायकोला सांगितला. बायकोने तो आपल्या बहिणीला सांगितला. ती बहीण म्हणजे दरवाज्यासमोर चहाची गाडी लावणाऱ्या मावशी. संपलंच मग! मावशींना कळलेली गोष्ट पोटात ठेवायची म्हणजे त्यांचं पोट दुखायचं. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला चहाचा कप देता देता त्या डोळे मिचकावून सांगायच्या, "पाटी बघून घाबरू नका हो. आमचे भावोजी भित्रे. अर्धा तास वर असतो. शिट्टी वाजली तरी निवांत या." आणि पाहुणे निवांत यायचे. दरवानाच्याही हे कानावर होतं. तो नाक मुरडायचा, पण मावशींच्या तोंडापुढे त्याने केव्हाच हात टेकले होते. आणि काही बिघडतही नव्हतं. अर्धा तास त्यासाठीच तर होता.

मग दरवानाचे गुडघे गेले. वयही झालंच होतं. गावच्या कचेरीतून पत्र आलं की अमुक तारखेपासून विश्रांती घ्यावी. पत्र त्याने तीनदा वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि त्या दिवशी माझ्यावर वेळ लिहिताना खडू दोनदा मोडला.

त्याच्या जागी नवे कारकून आले. तरुण, चष्मेवाले, नीटनेटके. माणूस वाईट नव्हता, मित्रांनो, हे मी आधीच सांगून ठेवते. पण आल्या आल्या त्यांनी स्टूल रुमालाने पुसलं आणि मग बसले. दरवानाने ते पाहिलं. मीही पाहिलं. त्या स्टुलावर तो तीस वर्षं बसला होता.

दरवानाने एकेक वस्तू टेबलावर ठेवली. किल्ल्या. शिट्टी. पुस्तिका. खडूचा डबा. रोजच्या वेळा टिपलेली वही. फडकं, धुऊन वाळवलेलं. कारकुनांनी यादीवर खुणा केल्या आणि विचारलं, "आणखी काही, काका?"

दरवानाची नजर स्टुलाकडे गेली, मग माझ्याकडे आली. मला वाटलं, आता सांगतो. सांग ना रे बाबा, सांग!

"पुस्तकात आहे सगळं," तो म्हणाला, आणि निघून गेला.

रुसला होता हो, दुसरं काही नाही. त्याला वाटलं, साहेब येतील विचारायला दोन दिवसांत. चहा पिता पिता सांगू. पण कारकून काही गेले नाहीत. विचारलं होतं की त्यांनी, आणि उत्तरही मिळालं होतं. त्यांना आणखी काय विचारायचं, हेच त्यांना माहीत नव्हतं.

पहिला आठवडा कारकुनांनी दरवानाच्या वहीतल्या जुन्या वेळा बघून त्याच बेताने वेळ लिहिली. पण माणूस हुशार. त्यांच्या लक्षात आलं की पुस्तिकेचा आणि पाटीचा मेळ बसत नाही. मग ते तीन दिवस हातातलं घड्याळ बघत खळग्याशी उभे राहिले. तिन्ही दिवस पाणी पुस्तिकेप्रमाणे आलं, पाटीच्या अर्धा तास उशिरा. तशातच एका पाहुण्याने तक्रार केली की वाट कोरडी असताना आम्हाला हाकलून आत घेतलं.

"म्हातारबुवांचं गणितच चुकलेलं दिसतंय," कारकून पुटपुटले. "इतकी वर्षं!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला खाली उतरवलं. कोमट पाण्याने धुतलं, भेगांत लांबी भरली, अंगाला तेल चोळलं, पांढरी अक्षरं नव्याने रंगवली. खोटं कशाला बोलू, मला फार छान वाटलं. दरवानाने माझी काळजी घेतली, पण मला तेल कधी लावलं नव्हतं. पुन्हा आकड्याला अडकवल्यावर कारकुनांनी सुंदर वळणदार अक्षरात वेळ लिहिली, दोन पावलं मागे जाऊन पाहिली आणि म्हणाले, "आजपासून पाटी बरोबर."

बरोबर! एका मिनिटाचाही फरक नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा माझ्यावर अगदी खरी वेळ लिहिली होती. आणि समोर मावशी गाडीवर कप विसळत होत्या. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्या आपल्या अर्धा तास वाटतच होत्या.

मी काय केलं सांगू? त्या दिवशी मी काहीच केलं नाही. मी माझ्या नव्या अक्षरांवर खूश होते. दुसऱ्या दिवशी वारा इतका होता की कुणी आलंच नाही. तिसऱ्या दिवशी एक कुटुंब आलं आणि परतताना त्यांच्या विजारी गुडघ्यापर्यंत भिजलेल्या होत्या. ते हसत होते. "मजा आली!" म्हणाले. कारकून त्यांना म्हणाले, "जरा वेळ पाळत जा हो." मावशी म्हणाल्या, "आज पाणी जरा लवकरच आलं वाटतं." दोघांमध्ये दहा पावलांचं अंतर. एकाने तरी दुसऱ्याला एक प्रश्न विचारायचा होता! मी दोरावर ताण दिला, आकड्यावर करकरले. कारकुनांनी येऊन आकड्याला तेल घातलं. मग तेवढंही जमेना.

चौथ्या दिवशी ताई आणि त्यांचा धाकटा भाऊ आले.

ताईंचं वय पासष्टच्या आसपास. डाव्या पायाने लंगडत होत्या. भाऊ साठीला टेकलेला, पेशाने शिंपी. हे कळायला वेळ लागला नाही, कारण येता येताच त्याने कारकुनांच्या कोटाचा उसवलेला खिसा बोटाने चाचपून पाहिला आणि म्हणाला, "दोरा कच्चा आहे, साहेब."

"अरे धाकट्या, लोकांच्या कपड्यांना हात लावू नये!" ताई ओरडल्या. मग मावशींच्या बाकड्यावर बसून त्यांनी चहा मागवला आणि सगळी हकिकत सांगितली. लहानपणी वडील दोघांना इथे घेऊन आले होते. ताई दहा वर्षांच्या, भाऊ चार. निम्म्या वाटेवर भावाने भोकाड पसरलं, पाय दुखतात म्हणून. वडिलांनी त्याला खांद्यावर घेतलं आणि मागे फिरले. बुरूज राहिला तो राहिलाच.

"पंचावन्न वर्षं ऐकतोय मी," भाऊ म्हणाला. "राखी बांधताना बुरूज, लग्नात बुरूज, माझ्या नातवाच्या बारशालासुद्धा बुरूज! म्हटलं, बाई, चल एकदा. दाखवून टाकतो तुला."

"आणि आता माझाच पाय दुखतोय," ताई म्हणाल्या, आणि तिघंही हसले.

भाऊ माझ्यासमोर येऊन उभा राहिला. त्याने मोठ्याने वाचलं, "बारा चाळीस." मग घड्याळ पाहिलं. "ताई, तुझ्या चालीने जायचं म्हणजे घाईच होईल गं. उद्या सकाळी लवकर येऊ या का?"

मित्रांनो, तो अगदी बरोबर बोलत होता. त्याला कुणी अडवायला नको होतं.

"अहो, कसली घाई?" मावशी म्हणाल्या. "पाटीवर चाळीस आहे ना? म्हणजे एक दहा धरा. अर्धा तास वर असतोच. शिट्टी वाजली तरी निवांत या. मी काय आजची आहे का इथे?"

प्रेमाने सांगितलं हो त्यांनी. ताईंचा पाय बघून त्यांना कळवळा आला होता. इतक्या लांबून आलेली माणसं बुरूज न बघता जाऊ नयेत, एवढंच त्यांच्या मनात होतं. भावाने मान डोलावली, ताईंचा हात धरला आणि दोघं माझ्या समोरून वाटेवर उतरले. मी पाटी नसते, नुसती होडीची फळी असते, तर निदान त्यांच्या पायात आडवी पडले असते. पण मला आकडा होता, आणि आकड्याला चांगलं तेल घातलेलं होतं.

ते हळूहळू पोचले. बुरुजावर दोन ठिपके दिसले. इकडे माझं अंग आतून ओलावू लागलं. पाणी वळलं होतं.

बारा चाळीसला खळग्यात पहिलं पाणी शिरलं आणि कारकुनांनी शिट्टी वाजवली. ठिपक्यांपैकी एकाने हात हलवला. कारकुनांना वाटलं, ऐकलं, आता निघतील. दोन मिनिटं गेली. त्यांनी पुन्हा शिट्टी वाजवली, मग पुन्हा, लांबलचक. बुरुजावरून पुन्हा हात हलला. मग कारकुनांचं धाबं दणाणलं. ते उंबऱ्यावरून ओरडले, हातवारे केले, मागे वळून धावत मावशींकडे आले.

"मावशी, धक्क्यावर निरोप धाडा, होडी पाहिजे! ते दोघं येतच नाहीयेत!"

"येतील हो," मावशी दूध ढवळत म्हणाल्या. "अजून वेळ आहे की. मी सांगितलंय त्यांना, एक दहा."

"एक दहा? कुणी सांगितलं एक दहा? पाटीवर चाळीस आहे!"

"हो, चाळीस म्हणजेच एक दहा ना? अर्धा तास वर असतो."

"कसला अर्धा तास?"

मावशींनी पहिल्यांदा मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. "भावोजी धरायचे तो," त्या हळूच म्हणाल्या. "तुम्ही नाही धरत?"

कारकुनांनी माझ्याकडे पाहिलं. मित्रांनो, माझ्याकडे इतक्या वर्षांत हजारो लोकांनी पाहिलं असेल, पण तसं कुणीच नाही. दूध उतू गेलं, शेगडीवर सांडलं, जळका वास सुटला. मावशी पदर खोचून धक्क्याच्या दिशेने ओरडत पळाल्या.

इतक्यात तटालगतच्या गल्लीतून दरवान आला. लागोपाठच्या शिट्ट्या त्याने घरात ऐकल्या होत्या. गुडघे धरत, भिंतीचा आधार घेत आला. आधी त्याने समुद्राकडे पाहिलं. ताई आणि भाऊ आता वाटेवर होते, पण पार पलीकडे, आणि ताईंची चाल ती तेवढीच. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. बारा चाळीस.

"अर्धा तास कुठंय?" त्याने विचारलं. "माझा अर्धा तास कुठंय रे?"

कारकुनांनी नुसतं माझ्यावरच्या अक्षरांकडे बोट दाखवलं. ते अगदी माझ्यासारखे झाले.

दरवानाने मला आकड्यावरून ओरबाडून काढलं. दाराशी दोराचं वेटोळं होतंच. त्याचं एक टोक त्याने माझ्या दोराला गाठ मारून बांधलं, दुसरं कारकुनांच्या हातात कोंबलं आणि मला काखेत मारून पाण्यात उतरला. खळग्यात छातीभर पाणी होतं आणि ते आडवं, जोरात धावत होतं. त्याला तिथला एकेक दगड पायाने ठाऊक. तो जाईल तेवढा पुढे गेला. पलीकडच्या काठावर दोघं येऊन उभे होते. त्यांच्या पायाखालची वाटही आता दिसत नव्हती. भावाने ताईंना कमरेला घट्ट धरलं होतं.

"पाटी धरा!" दरवान ओरडला आणि त्याने मला फेकलं.

किती वर्षांनी मी पाण्यावर पडले होते! आणि मी तरंगले. खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं की आता मला काहीतरी करता येईल. भावाने मला पकडलं, ताईंच्या हातांखाली सरकवलं.

"धर, ताई. घट्ट धर."

"आणि तू?"

"मी आहे की. हा काय, कोपरा धरलाय."

त्याने माझा उजवा कोपरा धरला. कारकून दोर ओढू लागले, दरवानही पाण्यातून ओढू लागला. निम्मा खळगा आम्ही पार केला. मग आडव्या पाण्याने मला कडेवर उभं केलं. मी फक्त एक फळी, मित्रांनो. एका माणसापुरती. त्याची बोटं माझ्यावर आवळली, माझ्या नव्या तेलावरून घसरली. त्याने नखं रुतवली. शिंप्याची बोटं, चिवट, सहज सोडणारी नव्हती. मला ती शेवटपर्यंत जाणवली. मग जाणवेनाशी झाली.

ताई वर आल्या तेव्हा माझ्यावर खडूचं एकही अक्षर उरलं नव्हतं. धक्क्यावरून होडी आली ती पाव तासाने. भाऊ संध्याकाळी तटाच्या पलीकडच्या बाजूला सापडला.

मग चौकशी झाली. अधिकारी आले, स्टुलावर बसले. "पाटीवर काय वेळ होती?" त्यांनी विचारलं.

"बारा चाळीस," कारकून म्हणाले.

"आणि पाणी कधी आलं?"

"बारा चाळीस."

"मग पाटी बरोबरच होती," अधिकारी म्हणाले, आणि त्यांनी तसं लिहिलं.

दरवान पुढे झाला. "साहेब, चूक माझी आहे. मी सांगितलं नाही."

"आजोबा, तुम्ही तर कामावरच नव्हता," अधिकारी समजुतीने म्हणाले. "तुमचा यात काही संबंध येत नाही. बसा."

मावशी बाकड्यावर डोकं धरून बसल्या होत्या. त्यांना कुणी काही विचारलंच नाही. कुणाचाच दोष निघाला नाही. सगळे घरी गेले आणि मला पुन्हा आकड्याला अडकवलं.

या गोष्टीला आता वर्ष झालं. आता कारकून रोज सकाळी दरवानाच्या घरी जातात आणि त्याला हाताला धरून दरवाज्यात आणतात. स्टूल त्याला देतात, स्वतः उभे राहतात. त्यांनी माझ्यावर दोन ओळी रंगवल्या आहेत. वर ‘पाणी येते’ आणि खाली ‘तुम्ही परत या’. दरवान सांगतो, कारकून लिहितात. दोन ओळींत अर्ध्या तासाचं अंतर असतं आणि ते आता कुणापासून लपलेलं नाही. मावशी चहा देतात. कुणी काही विचारलं तर म्हणतात, "पाटीवर आहे तेच. मला विचारू नका." डोळे मिचकावणं त्या विसरल्या आहेत.

परवा ताई आल्या. एकट्याच, काठी टेकत. मावशींनी त्यांना पाहिलं आणि त्यांच्या हातातला कप खाली पडला. ताई त्यांच्याजवळ थोडा वेळ बसल्या. दोघी इतक्या हळू बोलत होत्या की मला काही ऐकू आलं नाही. मग त्या उठून माझ्यासमोर आल्या. दोन्ही ओळी वाचल्या.

"शिट्टी वाजली तेव्हा तो म्हणाला होता, चल," ताई म्हणाल्या. दरवान आणि कारकून मागे उभे होते, पण त्या माझ्याशीच बोलत होत्या. "मीच म्हटलं, बस रे पाच मिनिटं. वेळ आहे अजून. पंचावन्न वर्षांनी आलेय."

मग त्यांचा हात माझ्या उजव्या कोपऱ्यावर आला. तिथे चार बारीक ओरखडे आहेत. कारकुनांनी मला नंतर दोनदा रंगवलं, पण तो कोपरा मुद्दाम सोडला. ताईंची बोटं त्या ओरखड्यांवर बसली आणि तिथेच थांबली.

"सगळ्यांनी चुकीचं सांगितलं," त्या म्हणाल्या. "तूच एकटी खरं बोललीस गं."

मित्रांनो, मला त्या क्षणी फुटून जावंसं वाटलं. ताई, मी खरं बोलले नाही हो! मी फक्त बरोबर होते. दरवानाच्या मनात काय आहे ते मला माहीत होतं. कारकुनांनी काय पुसलं ते माहीत होतं. मावशी काय सांगतात तेही माहीत होतं. तिघांना एकेक गोष्ट ठाऊक होती, आणि तिन्ही ठाऊक असलेली मी एकटीच होते. आणि मी भिंतीवर गप्प लटकत होते, छान रंगवलेली.

त्यांना यातलं काही ऐकू आलं नाही. खालच्या ओळीची वेळ झाली, कारकुनांनी शिट्टी वाजवली. वाटेवरची माणसं परत आली, दरवाजा अर्धा लोटला गेला. ताई मात्र उंबऱ्याशीच उभ्या राहिल्या. वाट कोरडी होती आणि तिच्यावर कुणीही नव्हतं. पूर्ण अर्धा तास त्या तशाच उभ्या होत्या, खळग्यात पाणी शिरेपर्यंत. दरवान त्यांच्या शेजारी उभा होता. गुडघे दुखत असतील, पण बसला नाही.

मित्रांनो, तुम्ही कधी आमच्या बंदरात आलात तर माझी खालची ओळ पाळा. तेल-रंग नाही लावलात तरी चालेल. मी जुनी आहे, माझं काय! पण आपलं काम दुसऱ्याच्या हाती देताना किल्ल्यांबरोबर मनातलंही देऊन टाका, मग कितीही राग आलेला असो. दुसऱ्याचं काम हाती घेताना काही चुकलेलं दिसलं, तर पुसायच्या आधी त्याच्या घरी जाऊन विचारा. आणि दुसऱ्याला वेळ आहे म्हणून सांगण्याआधी एकदा मान वर करून समुद्राकडे बघा.

मला बोलता येत नाही. तुम्हाला येतं ना?